हा वास तुमच्यासाठी नाही!

घरात कॉलेजात जाणारी ताई किंवा मावशी असेल, तर तिच्या आरशासमोरच्या बाटल्यांवर जरा नजर टाका. केसांवर फवारायच्या पाण्याची एखादी बाटली असेल आणि तिच्यावर लिहिलेलं असेल ‘रोझमेरी’. मग स्वयंपाकघरात जा. पिझ्झाबरोबर आलेल्या मसाल्याच्या पुड्या डब्यात जमवून ठेवायची सवय तुमच्याही घरी असणारच. त्यातली ‘मिक्स्ड हर्ब्ज’ची पुडी फोडलीत, तर करड्या-हिरव्या रंगाचे बारीक, कडक, टोकदार तुकडे बऱ्याचदा हाती लागतात. वाटतात काडीचे तुकडे, पण असतात पानं. रोझमेरीचीच.

एकच झाड केसांवर आणि पिझ्झावर! एवढ्यावर ते थांबत नाही. युरोपात खाऊच्या पाकिटांमागची बारीक अक्षरं वाचलीत, तर अधूनमधून ‘ई ३९२’ असा एक गूढ क्रमांक दिसतो. तीही रोझमेरीच. इटलीत भाजलेल्या बटाट्यांवर ती हवीच. इंग्लंडात तिला शेकडो वर्षं आठवणीचं झाड मानत आले. ऑस्ट्रेलियात वर्षातून एक दिवस लोक तिची डहाळी कोटाला लावून फिरतात.

आणि या सगळ्यातलं काहीही त्या झाडानं आपल्यासाठी केलेलं नाही, बरं का! तो वास, ती कडवट चव, ते औषधी गुण, सगळं त्यानं स्वतःचा जीव वाचवायला तयार केलं. माणूस फार नंतर आला आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. कसा, ते बघू.

रोझमेरीचं माहेर म्हणजे भूमध्य समुद्राचा काठ. नकाशा उघडा आणि बोट फिरवा: स्पेन, फ्रान्सचा दक्षिण भाग, इटली, क्रोएशिया, ग्रीस आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेतले मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया. इथलं हवामान आपल्या बरोब्बर उलटं. आपल्याकडे उन्हाळ्यानं जीव नकोसा झाला, की पाऊस येऊन सुटका करतो. तिकडे पाऊस पडतो हिवाळ्यात. उन्हाळाभर आभाळातून टिपूस नाही. म्हणजे ऊन सगळ्यात कडक असतं, नेमकं तेव्हाच पाणी सगळ्यात कमी. जमीन म्हणाल तर खडकाळ, चुनखडीची, पाणी धरून न ठेवणारी. त्यात त्या टेकड्यांवर हजारो वर्षांपासून शेळ्या-मेंढ्यांचे कळप चरताहेत. ऊन आलं म्हणून तुम्ही सावलीत पळता, लांडगा दिसला म्हणून ससा पळतो. झाडानं कुठे पळायचं?

रोझमेरीचं एक पान हातात घेऊन बघितलं, तर तिनं काय काय शक्कल लढवली आहे ते कळतं. पान दोन ते चार सेंटीमीटर लांब आणि रुंदीला जेमतेम काही मिलिमीटर. ऊन झेलायला मोठं अंगच ठेवलेलं नाही. वरची बाजू गडद हिरवी, चिवट, मेणचट. पानाच्या दोन्ही कडा खालच्या बाजूला वळलेल्या असतात, अळूवडी करताना आई पानाच्या कडा आत दुमडते तशा. आणि पान उलटं केलं, की खालची बाजू पांढुरकी दिसते. भिंग लावलं तर तिथे दाट लव दिसते.

ही लव कशासाठी? झाडाच्या पानाला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, तर ती उघडावी लागतात. पण ती उघडली की पानातलं पाणी वाफ होऊन बाहेर पळतं. मोठी पंचाईत! खावं तर तहान लागते, तहान वाचवावी तर उपाशी राहावं लागतं. रोझमेरीनं यावर तोडगा काढला. तिची रंध्रं असतात फक्त पानाच्या खालच्या बाजूला, वळलेल्या कडांच्या आडोशाला, त्या लवेच्या आत. बाहेर वारा कितीही सुटला तरी तिथली दमट हवा सहजासहजी उडून जात नाही, आणि पाणी कमी खर्च होतं.

त्याच लवेत अधूनमधून गोल गोल, चमकदार ठिपके असतात. त्या आहेत तेलाच्या ग्रंथी. पान बोटांत चुरडलं की त्या फुटतात आणि वास दरवळतो. हे तेल म्हणजे आपलं शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल नव्हे. ते हवेत उडून जाणारं, बाष्पनशील तेल. वाळलेल्या पानांत ते वजनाच्या साधारण एक-दोन टक्केच असतं, पण तेवढं पुष्कळ झालं.

तुम्ही रोझमेरी कधी हुंगलेली नसेल, तरी तिचा वास तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. या तेलात सिनिओल नावाचा पदार्थ असतो. तोच नीलगिरीच्या तेलात असतो आणि तोच वेलदोड्यातही असतो. शिवाय त्यात कापूर असतो, अगदी आरतीतला कापूर. आणि पाइनच्या झाडाला ज्यामुळे पाइनचा वास येतो, ते पायनीनही असतं. सर्दी झाल्यावर छातीला चोळायचा बाम, देवघर आणि थंड हवेच्या ठिकाणचं जंगल, हे तिन्ही वास एकदम आले तर जे होईल ते. गंमत म्हणजे हे प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. स्पेनच्या रोझमेरीत कापूर जास्त, मोरोक्को आणि ट्युनिशियाच्या रोझमेरीत सिनिओल जास्त. नाकाची सवय असलेले लोक नुसत्या वासावरून तेल कुठलं ते ओळखतात.

आपल्याला हा वास छान वाटतो. पान कुरतडायला आलेल्या बहुतेक किड्यांना मात्र तो म्हणतो, ‘चालू लागा!’ चरणारी जनावरंही असं झोंबणारं, कडवट पान पोटभर खात नाहीत. पण प्रत्येक नियमाला एक खट्याळ अपवाद असतो. इथे तो म्हणजे एक चकचकीत भुंगेरा. अंगावर हिरवे आणि जांभळे पट्टे, इतका देखणा की अंगठीत बसवावा. हा गडी रोझमेरी आणि लॅव्हेंडर मजेत खातो. तेलाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. त्याचं शास्त्रीय नाव क्रायसोलिना अमेरिकाना, आणि तो अमेरिकेतला अजिबात नाही! तोही भूमध्य समुद्राकाठचाच. ज्यानं नाव ठेवलं त्याला विचारायला हवं होतं.

मधमाश्यांशी मात्र रोझमेरीचं भांडण नाही. हिवाळा सरता सरता, बाकीच्या झाडांना अजून जाग आलेली नसते, तेव्हाच तिच्या फांद्यांवर फिकट निळी फुलं येतात. मधमाश्या तुटून पडतात. फ्रान्समधल्या नार्बोन या गावाचा रोझमेरीचा मध जुन्या काळापासून नावाजलेला आहे. या निळ्या फुलांची एक ख्रिस्ती दंतकथाही आहे. फुलं आधी पांढरी होती, येशूच्या आईनं, मरियेनं, प्रवासात आपला निळा झगा झुडपावर पसरला आणि ती निळी झाली, अशी.

आता खरी चमत्काराची गोष्ट. ती वासाची नाहीच, कारण त्या पदार्थाला वास जवळजवळ नसतो. त्याचं नाव कार्नोसिक आम्ल.

कल्पना करा, जुलै महिना आहे, स्पेनमधली उघडी टेकडी. ऊन नुसतं ओततंय. पानातलं हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडतंय, पण पाणी नाही म्हणून रंध्रं मिटलेली, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि अन्न बनवायचं काम मंदावलेलं. मग पकडलेल्या ऊर्जेचं करायचं काय? ती ऊर्जा भलत्याच ठिकाणी जाते. पानातल्या ऑक्सिजनला ती मिळते आणि एरवी साधासुधा असलेला ऑक्सिजन चिडका होतो. समोर जे दिसेल त्याला तो ओरबाडत सुटतो. हरितद्रव्य, पेशींची नाजूक आवरणं, कशालाही सोडत नाही. अशा वेळी कार्नोसिक आम्लाचे रेणू मध्ये पडतात. ऑक्सिजनचा मार ते स्वतःवर घेतात. त्यात ते बदलतात, त्यांचे दुसरेच पदार्थ होतात, पण पान वाचतं. स्पेनमधल्या बार्सिलोना विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दुष्काळात सापडलेल्या रोझमेरीच्या पानांत हे घडताना अभ्यासलं आहे.

थोडं थांबा आणि आपल्या घरातल्या डब्याकडे वळा. दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी राहून गेला आणि महिन्याभरानं खाल्ला, तर कसा लागतो? खवट! शेंगदाणे, खोबरं, तळलेले पापड, सगळ्यांचं तेच होतं. का होतं? हवेतला ऑक्सिजन तेलाच्या रेणूंना गाठतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला, अशी साखळी सुरू होते. शेवटी त्या रेणूंचे तुकडे पडतात, आणि त्या लहान लहान तुकड्यांचा जो वास, तोच खवट वास.

म्हणजे चिडका ऑक्सिजन आणि त्याची ओरबाडाओरबाड इथेही आहे! मग टेकडीवर जो मध्ये पडला त्याला डब्यात बोलावलं तर? शास्त्रज्ञांनी नेमकं तेच केलं. रोझमेरीच्या पानांतून कार्नोसिक आम्ल आणि त्याचा भाऊ कार्नोसोल बाहेर काढायचं, त्यातला वास काढून टाकायचा (नाहीतर वेफर्सना बामाचा वास यायचा), आणि तो अर्क तेलात चिमूटभर मिसळायचा. कार्नोसिक आम्ल आपल्याजवळचा हायड्रोजनचा अणू बिघडलेल्या रेणूला देऊन टाकतं आणि बिघाडाची साखळी तिथेच तुटते. हे करताना त्याचं कार्नोसोल होतं, आणि ते कार्नोसोलसुद्धा पुन्हा तेच काम करत राहतं! युरोपीय संघानं २०१० साली या अर्काला खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी दिली आणि त्याला क्रमांक दिला ई ३९२. पानाला उन्हापासून वाचवणारा रेणू आता बटाट्याच्या वेफर्सना खवटपणापासून वाचवतो. मला विचाराल, तर रोझमेरीच्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत भारी. बाकीच्या ऐकून सोडून दिल्या तरी चालतील, ही लक्षात ठेवा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशी पाहुण्यांचं कौतुक. आपला काय संबंध? संबंध आहे, तोही नात्याचा. आत्ता उठा आणि पुदिन्याची एक काडी घ्या. दोन बोटांत धरून फिरवा. गोल नाही फिरत ना? कोपरे लागतात. पुदिन्याची काडी चौकोनी असते. तुळशीच्या कोवळ्या फांदीचंही तसंच, आणि फालुद्यात घालतात त्या सब्जाच्या रोपाचंही. पानं समोरासमोर जोडीनं, फुलाला वरचा आणि खालचा असे दोन ओठ. ही सगळी एकाच कुळातली, तुळशीच्या कुळातली मंडळी. रोझमेरीही त्याच कुळातली. तिच्यात सापडणारं रोझमॅरिनिक आम्ल १९५८ साली इटलीतल्या दोन शास्त्रज्ञांनी तिच्या पानांतूनच पहिल्यांदा वेगळं केलं म्हणून त्याला तिचं नाव मिळालं, पण ते आपल्या अंगणातल्या तुळशीतही असतं.

या नात्यागोत्यात नुकताच एक मोठा गोंधळ झाला. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली झाडांची नावं ठरवली, तेव्हा रोझमेरीला त्यानं ‘रोझमॅरिनस’ असं स्वतंत्र घराणं दिलं. तुळशीच्या फुलात पुंकेसर असतात चार, रोझमेरीच्या फुलात दोनच. साल्विया नावाच्या दुसऱ्या एका घराण्याच्या फुलांतही दोनच. नातं जवळचं दिसत होतं, पण घरं वेगळी राहिली. मग आलं डीएनए वाचायचं तंत्र. त्यातून कळलं की रोझमेरी साल्वियाच्या शेजारची नाहीच, ती त्यांच्याच घरातली आहे! आता दोनच वाटा उरल्या. एक तर साल्वियाचं मोठं घराणं मोडून त्यातल्या सातशेहून अधिक जातींना नवी नावं द्यायची, नाहीतर रोझमेरी आणि तिच्यासारख्या पंधराएक जातींनी आपलं आडनाव सोडून साल्विया व्हायचं. २०१७ साली शास्त्रज्ञांनी दुसरा, कमी कटकटीचा मार्ग सुचवला. दोन वर्षांनी इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनंही तो मान्य केला. तेव्हापासून रोझमेरीचं शास्त्रीय नाव साल्विया रोझमॅरिनस. आणि साल्विया घराण्यात आणखी कोण आहे ठाऊक आहे? चिया! आईबाबा सकाळी पाण्यात भिजवून पितात ते काळे-करडे दाणे. ही दोघं आता एका आडनावाची.

चला स्वयंपाकघरात. आपण आमटीला फोडणी देताना मोहरी, हिंग, कढीपत्ता आधी तेलात का टाकतो? थेट पाण्यात का नाही? कारण वासाचे हे पदार्थ पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. तेलात उतरले की ते भांड्यातल्या प्रत्येक घासापर्यंत पोचतात. इटलीतल्या आज्यांना हे रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याही रोझमेरी ऑलिव्हच्या तेलातच टाकतात. फोकाचिया नावाचा त्यांचा जाड, मऊ पाव असतो. भाजण्याआधी त्याच्यावर बोटांनी खळगे करतात, खळग्यांत तेल साचतं, वर जाडं मीठ आणि रोझमेरीची पानं. रोममध्ये कोकराच्या मटणात लसणीबरोबर ती लागतेच. आपण कोथिंबीर शेवटी भुरभुरतो, कारण तिचं पान कोवळं आणि वास लगेच उडणारा. रोझमेरीचं मात्र उलटं. तिचं पान कडक, तेल ग्रंथींत बंदिस्त, म्हणून ती सुरुवातीलाच टाकायची आणि सावकाश शिजू द्यायची. आणि जपून! दोन डहाळ्यांऐवजी चार पडल्या की बटाट्याला कापराचा वास येतो आणि जेवण सोडून सगळे एकमेकांकडे बघतात.

ती फक्त तिखटामिठाच्या पदार्थांत जाते असं समजू नका. फ्लॉरेन्स शहरात ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी एक गोड पाव खायची पद्धत आहे. त्यात मनुका असतात आणि रोझमेरीही. तिकडच्याच डोंगराळ भागात चेस्टनटच्या पिठाचा एक चपटा केक करतात, त्याच्यावरही पाइनच्या बिया, मनुका आणि रोझमेरी. गोडात कडू आणि कापरी वास! ऐकायला विचित्र वाटतं, पण आपण श्रीखंडात वेलदोडा घालतोच की. सिनिओल दोन्हीकडे तेच.

औषध म्हणून रोझमेरीची नोंद फार जुनी. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस यानं वनस्पतींच्या औषधांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात ती आहे. ती उष्ण आहे, असं त्यानं म्हटलंय. अगदी आपल्या आजीसारखं! पुढे मध्ययुगात मद्यार्कात रोझमेरी घालून ‘हंगेरीच्या राणीचं पाणी’ बनवायचे. ते लावून म्हातारी राणी पुन्हा तरुण दिसू लागली, अशी त्याची जाहिरात. जाहिराती तेव्हाही अशाच होत्या.

प्लेगच्या साथीत तर रोझमेरीला सोन्याचा भाव आला. तेव्हा लोक समजायचे की रोग घाण वासातून पसरतो. मग चांगला वास जवळ ठेवला की झालं! लोक रोझमेरी नाकाशी धरून रस्त्यानं चालायचे, घरात जाळायचे. १६०३ साली लंडनमध्ये प्लेग आला, तेव्हाची हकिगत थॉमस डेकर या लेखकानं लिहून ठेवली आहे. एरवी बारा पेन्सला कवेत मावेल एवढी मिळणारी रोझमेरी सहा शिलिंगला मूठभर विकली जाऊ लागली. एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स. आता सांगा, भाव किती पटीनं वाढला? सहा पट म्हणालात तर चुकलात. कवेच्या ठिकाणी मूठ आली, ते विसरलात! एका कवेत किती मुठी मावतात ते मोजा आणि मग गुणाकार करा.

उपयोग झाला का? नाही. प्लेग वासातून पसरतच नव्हता. त्याचा जंतू सापडला १८९४ साली हाँगकाँगमध्ये. तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ साली कराचीत दाखवून दिलं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. त्याच सुमारास मुंबईत प्लेगचा कहर चालू होता, आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. छान वास म्हणजे औषध, ही समजूत तीनशे वर्षांनी अशी मोडली. पूर्ण मोडली असंही नाही म्हणा. वासाच्या महागड्या बाटल्या अजून औषध म्हणून विकल्या जातात.

मग आठवणीचं काय? शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात ओफेलिया आठवणीसाठी म्हणून रोझमेरी देते. नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, म्हणजे समजूत त्याहून जुनी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक पहिल्या महायुद्धात २५ एप्रिल १९१५ रोजी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. हजारो मारले गेले. त्या लढाईत भारतीय सैनिकही होते. गॅलिपोलीच्या डोंगरांवर रोझमेरी रानात उगवते, म्हणून दर २५ एप्रिलला ऑस्ट्रेलियात लोक तिची डहाळी छातीशी लावतात.

पण ती खरोखर स्मरणशक्ती वाढवते का? हे तपासायला इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात मार्क मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. १४४ माणसं घेतली, तीन गट केले. एका गटाच्या खोलीत रोझमेरीचा वास, दुसऱ्याच्या खोलीत लॅव्हेंडरचा, तिसऱ्याच्या खोलीत काहीच नाही. प्रयोग वासाबद्दल आहे हे कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोकांनी उगाचच ‘हो हो, आठवतंय बुवा!’ केलं असतं. मग सगळ्यांची स्मरणशक्तीची चाचणी घेतली. रोझमेरीवाल्यांना जास्त बरोबर आठवलं. मात्र आठवायला वेळही जास्त लागला! म्हणजे उत्तर बरोबर, पण घंटा होईपर्यंत पेपर पुरा होईल याची खात्री नाही. २०१२ साली त्याच विद्यापीठात वीस जणांवर आणखी एक प्रयोग झाला. वास घेतल्यावर त्यांच्या रक्तात सिनिओल खरंच उतरलं होतं आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांची कामगिरी थोडी सरस होती. वीस माणसं म्हणजे फार थोडी. एवढ्यावरून परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक बाजूला ठेवून हुंगत बसाल, तर निकालाच्या दिवशी रोझमेरीला दोष देऊ नका.

ताईच्या बाटलीचा हिशोब अजून बाकी आहे. २०१५ साली इराणमध्ये केस विरळ होत चाललेल्या शंभर जणांवर प्रयोग झाला. पन्नास जणांनी रोझमेरीचं तेल घातलेलं लोशन लावलं, पन्नास जणांनी डॉक्टर देतात ते मिनॉक्सिडिल नावाचं औषध, दोन टक्क्यांचं. तीन महिन्यांनी दोन्हीकडे फारसा फरक नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढलेली, आणि दोघांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. बातमी जगभर पसरली आणि बाटल्यांचा पूर आला. आता तुम्ही शास्त्रज्ञ व्हा आणि सांगा, या प्रयोगात काय राहून गेलं? मॉस यांच्या प्रयोगात होता तसा तिसरा गट! काहीच औषध नसलेलं लोशन लावणारा. तो असता, तर वाढलेल्या केसांतले किती रोझमेरीमुळे आणि किती नुसत्या सहा महिन्यांच्या चोळण्यामुळे, ते कळलं असतं. शिवाय त्यांनी वापरलं होतं ठरावीक प्रमाणातलं तेल. घरी पातेल्यात पानं उकळून केलेलं पाणी नव्हे. ताईला हे सांगाल तेव्हा जरा लांब उभे राहून सांगा.

युरोपातल्या औषधांवर देखरेख ठेवणारी संस्था रोझमेरीबद्दल फार बेताचं बोलते. जेवणानंतर पोट जड झालं, हलका मुरडा आला तर पानांचा काढा, आणि बाहेरून लावायला, स्नायू किंवा सांधे थोडेफार दुखत असतील तर. तेही ‘परंपरागत वापर’ म्हणून, म्हणजे निदान तीस वर्षं लोक त्यासाठी ती वापरत आले आहेत, एवढ्याच आधारावर. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. एक गोष्ट मात्र अगदी पक्की लक्षात ठेवा. जेवणातली पानं वेगळी आणि बाटलीतलं शुद्ध तेल वेगळं. एवढ्याशा बाटलीत किती किलो पानांचा अर्क असतो, त्यात कापूरही असतो, आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. ते तेल प्यायचं नाही, चाखायचं नाही, धाकट्या भावंडांच्या हाती लागू द्यायचं नाही.

झाड लावून बघायचं असेल तर जरूर लावा. भारतात निलगिरीच्या थंड डोंगरांत रोझमेरीची शेती होते. आपल्याकडे नर्सरीत रोप मिळतं. बी पेरण्याच्या भानगडीत पडू नका, ते फार सावकाश आणि फार थोडं उगवतं. कुणाकडे झाड असेल तर बोटभर लांबीची कोवळी फांदी मागून आणा, खालची पानं काढा आणि ओलसर वाळूत खोचा. मुळं फुटली की कुंडीत निम्मी माती, निम्मी वाळू आणि खडे घाला, तळाला भोक हवंच. कुंडी भरपूर उन्हात ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात असाल तर, ती छपराखाली घ्या. माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नका. कुंडीतली रोझमेरी बहुतेक वेळा तहानेनं मरत नाही, मुळं कुजून मरते, तेव्हा झारी घेऊन मागे लागणाऱ्या आजोबांना आधी हा लेख वाचून दाखवा.